जमिनीत शिरलेली विमानं

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर हार्लेक नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर तेराव्या शतकात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं बांधलेला दगडी किल्ला उभा आहे. तो आज जागतिक वारसा यादीत आहे. किल्ल्याच्या तटावरून खाली पाहिलं की लांबच लांब पुळण दिसते. या किनाऱ्यावर कुठेतरी, वाळूखाली साधारण दोन मीटरवर, एक अमेरिकी लढाऊ विमान पडून आहे. नाव पी-३८ लायटनिंग. दोन इंजिनं, त्यांच्या मागे निघालेल्या दोन लांब शेपट्या आणि पंखांचा पसारा जवळजवळ १६ मीटर.

२७ सप्टेंबर १९४२ रोजी सरावाच्या उड्डाणात या विमानाची इंजिनं बंद पडली. रॉबर्ट इलियट या २४ वर्षांच्या लेफ्टनंटनं ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पोटावर उतरवलं. एका पंखाचं टोक तुटलं, पण इलियट सुखरूप बाहेर आला. पुढे तीन महिन्यांच्या आत तो ट्युनिशियाच्या आघाडीवर बेपत्ता झाला. विमान मात्र वेल्सच्या वाळूत राहिलं आणि विस्मरणात गेलं. २००७ च्या उन्हाळ्यात समुद्रानं वाळू ओढून नेली आणि किनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांना ६५ वर्षांपूर्वीचं अख्खं विमान समोर दिसलं. मग वाळू परत आली आणि ते झाकलं गेलं. तेव्हापासून ते अधूनमधून असंच वर येतं आणि पुन्हा गडप होतं. 'मेड ऑफ हार्लेक', म्हणजे हार्लेकची कन्या, असं नावही त्याला मिळालं आहे.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये वेल्स सरकारच्या काडू या वारसा संस्थेनं ही जागा संरक्षित स्मारकांच्या सूचीत घातली. ऐतिहासिक आणि पुरातत्त्वीय मोलासाठी असं संरक्षण मिळालेली ब्रिटनमधली ही पहिलीच लष्करी विमान-अपघाताची जागा. एकाच गावात दोन संरक्षित स्मारकं: सातशे वर्षांचा किल्ला आणि ८० वर्षांपूर्वीचं मोडकं विमान. विमानाची नेमकी जागा जाहीर केलेली नाही, कारण चोरांची भीती आहे.

माझ्या मनात या गोष्टीनं घर केलं ते एका प्रश्नामुळे. वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी घडवलेलं येतं. लेणं, बारव, वाडा, गड. कुणीतरी मनापासून, मुद्दाम केलेली वस्तू. विमान कोसळणं कुणी घडवत नाही. दोन-चार सेकंदांत सगळं संपतं आणि मागे चुरगळलेला पत्रा उरतो. त्या पत्र्याला, त्याच्याखालच्या मातीला एखाद्या देशाचा कायदा हात लावू देत नाही, ही कल्पना आली कुठून?

एका ओळीत मावणारा कायदा

हा कायदा १९८६ चा. प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स ॲक्ट. त्याचा विमानांविषयीचा भाग फारच थोडक्यात सांगता येतो: लष्करी सेवेत असताना कोसळलेलं कुठलंही विमान, ब्रिटनच्या जमिनीवर असो वा सागरी हद्दीत, आपोआप संरक्षित आहे. यातला 'आपोआप' हा शब्द महत्त्वाचा. बुडालेल्या युद्धनौकेसाठी सरकारला नाव घेऊन आदेश काढावा लागतो. विमानाला तसं काही लागत नाही. कुणाला सापडलेलंही नसेल, कुठल्या यादीत नसेल, शेतकऱ्याला आपल्या गव्हाखाली काय आहे याचा पत्ताही नसेल, तरी ते संरक्षितच.

विमान कोणत्या देशाचं, हेही कायदा विचारत नाही. ब्रिटिश स्पिटफायर, अमेरिकी बॉम्बर आणि लंडनवर बॉम्ब टाकायला आलेलं जर्मन डॉर्नियर, तिघांनाही तोच नियम. किती जुनं, हेही विचारत नाही. इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या ब्लीक्लो पठारावर 'ओव्हर एक्स्पोज्ड' नावाच्या अमेरिकी बी-२९ विमानाचे अवशेष आहेत. १९४६ मधल्या बिकिनी बेटावरच्या अणुचाचण्यांची छायाचित्रं काढणारं हे विमान ३ नोव्हेंबर १९४८ रोजी, म्हणजे महायुद्ध संपल्यावर तीन वर्षांनी, ढगांत वाट चुकून डोंगरावर आदळलं. आतली १३ माणसं गेली. इंजिनं, चाकांचे सांगाडे, पंखांचे तुकडे आजही उघड्या माळावर आहेत. कुणीही चढून जावं, पाहावं, नतमस्तक व्हावं. त्याला मनाई नाही. मनाई आहे ती अवशेष हलवण्याला, उकरण्याला, खिशात घालण्याला.

आकाशातून जमिनीच्या पोटात

पण जमिनीखाली विमान राहतंच कसं? इतकी हलकी वस्तू आपटून चुरा व्हायला हवी. इथे भौतिकशास्त्र थक्क करणारं उत्तर देतं.

१९४० मधलं स्पिटफायर किंवा हरिकेन हे साधारण अडीच-तीन टनांचं विमान. त्याच्या नाकात रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन: १२ सिलिंडर, २७ लिटर क्षमता, सहाशे किलोंहून जास्त वजन. बाकीचं शरीर त्या मानानं हलकं. असं विमान वैमानिकाचा ताबा सुटून नाक खाली करून पडू लागलं, की ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगानं ते सरळ उभं जमिनीत घुसतं. पंख पृष्ठभागावरच फाटतात आणि त्यांचे तुकडे रानभर विखुरतात. इंजिन मात्र थांबत नाही. मऊ चिकणमाती असेल तर ते कित्येक मीटर खाली जातं आणि त्याच्यामागून कॉकपिट, आसन, वायरी, तेलाच्या टाक्या त्याच भोकातून एकमेकांवर चेपत जातात. वरची ओली माती लगेच मिटते. काही तासांत तिथे उरतो एक खळगा, जळलेलं गवत आणि पेट्रोलचा वास.

मिटलेल्या मातीत हवा जात नाही. हवा नाही म्हणजे प्राणवायू नाही, आणि प्राणवायूशिवाय गंज जवळजवळ थांबतो. म्हणून वरचे तुकडे पांढऱ्या भुकटीत बदलून जातात, पण खोलवर रबरी नळी लवचीक राहते, कागदाची अक्षरं वाचता येतात, नकाशाच्या घड्या उलगडतात. अशा जागा उकरणारे लोक सांगतात की खणत गेलं की मातीचा रंग निळसर-राखाडी होतो आणि मग एकदम इंजिन तेलाचा, पेट्रोलचा वास येतो. १९४० मध्ये टाकीत भरलेल्या इंधनाचा वास.

शोध घेण्याची रीतही विलक्षण. चुंबकीय क्षेत्रातले बदल मोजणारा मॅग्नेटोमीटर शेतावरून फिरवतात. स्पिटफायरसारख्या विमानाचा बहुतेक भाग अल्युमिनियमचा, आणि अल्युमिनियम या उपकरणाला दिसतच नाही. त्याला दिसतं पोलाद: इंजिनाचा दांडा, बंदुकांच्या नळ्या, आसनामागचं चिलखती पान. म्हणजे त्या आलेखावर जे उमटतं ते विमानाचं हृदय आणि हत्यारं, शरीर नाही. मग हाती लागलेल्या भागांवरचे शिक्के वाचायचे. स्पिटफायरचा मूळ आराखडा ३०० क्रमांकाचा, त्यामुळे त्याच्या सुट्या भागांच्या क्रमांकांची सुरुवात ३०० नं होते. इंजिनाच्या पट्टीवरचा आकडा हवाई दलाच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिला की विमान कळतं, विमानावरून तारीख, तारखेवरून तुकडी आणि अखेर एका माणसाचं नाव.

उरलं ते का उरलं

युद्ध चालू असताना ब्रिटननं पडलेली विमानं सोडून दिली नव्हती. उलट अल्युमिनियमची इतकी टंचाई होती की हवाई दलाच्या खास तुकड्या ट्रॅक्टर-ट्रेलर घेऊन देशभर फिरत आणि अवशेष गोळा करत. ऑक्सफर्डजवळ काउली इथे त्यांचा मोठा ढीग लागे. तिथून ते वितळून पुन्हा नवी विमानं. पॉल नॅश या चित्रकारानं तो ढीग पाहिला आणि १९४०-४१ मध्ये 'टोटेस मेअर', म्हणजे 'मृत समुद्र', हे चित्र काढलं. चांदण्यात गोठलेल्या लाटांसारखे जर्मन विमानांचे पंख. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे.

पण या तुकड्यांना घाई होती. वरवरचा पत्रा उचलला की त्या पुढच्या ठिकाणी जात. पाच मीटर खाली गेलेलं इंजिन काढायला वेळ नव्हता, माणसं नव्हती. कधी वैमानिकाचा मृतदेहही निघत नसे. आता लंडनच्या पश्चिमेला, थेम्स नदीकाठी रनीमीड इथे जा. १९५३ मध्ये उघडलेल्या या स्मारकाच्या भिंतींवर २० हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत: ज्यांना ज्ञात थडगं नाही असे राष्ट्रकुलाच्या हवाई दलांतले स्त्री-पुरुष. बरेचसे समुद्रात गेले. काही मात्र इंग्लंडच्याच मातीत आहेत, एखाद्या कुरणाखाली, घरापासून तासाभराच्या अंतरावर.

१९६० आणि ७० च्या दशकांत तरुणांचे गट ही विमानं शोधू लागले. १९६९ च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या चित्रपटानं त्यात भर घातली. हौस प्रामाणिक होती. पण फावड्याखाली इंजिन येतं तसं माणूसही येतो. १९७९ मध्ये केंटच्या शेपी बेटावर एक हरिकेन उकरलं, तेव्हा आत फ्लाइट लेफ्टनंट ह्यू बेरेसफर्ड होते. ७ सप्टेंबर १९४० पासून बेपत्ता. त्यांना लष्करी इतमामानं ब्रुकवुडच्या दफनभूमीत पुरलं गेलं. एका कुटुंबाला ३९ वर्षांनी उत्तर मिळालं. त्याच वेळी प्रश्नही उभा राहिला: हे काम कुणी करायचं, कसं करायचं, आणि मुळात करायचं का? एकाच खड्ड्यात इतिहास होता, न फुटलेला दारूगोळा होता आणि कुणाचा तरी मुलगा होता. १९८६ च्या कायद्याचा जन्म या अस्वस्थतेतून झाला.

परवान्याची वाट

आता ब्रिटनमध्ये अशी जागा उकरायची तर संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो. तो देतं ग्लॉस्टरजवळच्या इन्सवर्थ इथलं कार्यालय. सैनिकांचा मृत्यू, जखमा, कुटुंबाला कळवणं ही त्याच कार्यालयाची कामं. मला हे फार अर्थपूर्ण वाटतं. परवाना पुरातत्त्व खात्याच्या खिडकीवर मिळत नाही. जिथे आजच्या सैनिकाच्या घरी निरोप पाठवतात, तिथेच १९४० च्या सैनिकाची फाइल उघडते.

अर्जदारानं आधी अभ्यास करायचा. विमान कोणतं, कधी पडलं, आत कोण होतं, त्यांचं पुढे काय झालं. जमीनमालकाची लेखी संमती घ्यायची. बॉम्ब किंवा दारूगोळा असण्याची शक्यता तपासायची. माणसाचे अवशेष आत असण्याची शक्यता दिसली तर परवाना सहसा मिळत नाही. परवाना मिळून काम सुरू झालं आणि हाड दिसलं, तर त्याच क्षणी फावडी खाली: पोलीस येतात, मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी येतो, इन्सवर्थला कळवलं जातं. वैमानिकाची खासगी वस्तू, मग ते घड्याळ असो वा पाकीट, मंत्रालयाकडे जाते आणि तिथून वारसांकडे जाऊ शकते. सगळं संपल्यावर लेखी अहवाल.

वस्तू कुठे होती, हीच खरी गोष्ट

उकरण्यावर एवढा पहारा कशाला, हे कळायला इजिप्तच्या वाळवंटात जावं लागतं. २८ जून १९४२ रोजी रॉयल एअर फोर्सचा डेनिस कॉपिंग हा २४ वर्षांचा वैमानिक नादुरुस्त किटीहॉक विमान दुसऱ्या तळावर नेत असताना भरकटला. ७० वर्षांनी, २०१२ मध्ये, तेल शोधणाऱ्या एका कामगाराला ते विमान पश्चिम वाळवंटात दिसलं. जवळजवळ जसंच्या तसं.

विमानाशेजारी पॅराशूटचं कापड होतं, सावलीसाठी अंथरावं-ताणावं तसं. रेडिओ आणि बॅटऱ्या जागेवरून काढून बाहेर ठेवलेल्या होत्या. एवढ्यावरून त्या माणसाचे शेवटचे दिवस वाचता येतात. तो उतरताना वाचला होता. त्यानं सावली केली. रेडिओ चालू करून बघायचा प्रयत्न केला. कुणी येत नाही म्हणताना तो निघाला असावा. यातली एकही गोष्ट विमानाच्या पत्र्यात लिहिलेली नव्हती. ती दोन वस्तूंमधल्या अंतरात होती. शोध लागताच लोक तिथे पोचले, तुकडे घेऊन गेले आणि ते अंतर पुसलं गेलं. विमान पुढे अल-अलामेनच्या लष्करी संग्रहालयात गेलं आणि त्यावर नवा रंगही चढला. विमान वाचलं. पण वाळवंटातली ती मांडणी कुठल्याही संग्रहालयाला पुन्हा उभी करता येणार नाही. कॉपिंगचा पत्ता आजवर लागलेला नाही.

याउलट, नीट काढलेली वस्तू काय सांगू शकते? १५ सप्टेंबर १९४० रोजी सार्जंट रे होम्स यानं लंडनवर आलेल्या डॉर्नियर बॉम्बरला आपलं हरिकेन धडकवलं. डॉर्नियर व्हिक्टोरिया स्टेशनच्या आवारात पडलं. होम्स पॅराशूटनं उतरला आणि त्याचं विमान बकिंगहॅम पॅलेस रोडच्या पोटात गेलं. २००४ मध्ये परवाना घेऊन तो गजबजलेला रस्ता उकरला गेला. खालून इंजिन निघालं आणि विमान चालवायची दांडीही निघाली. हरिकेनच्या दांडीवर अंगठ्यानं दाबायचं बटण असतं आणि त्याभोवती फिरणारी कडी. कडी एका बाजूला वळवली की बंदूक सुरक्षित, दुसऱ्या बाजूला वळवली की गोळी झाडायला तयार. ६४ वर्षं रस्त्याखाली राहिलेल्या त्या दांडीवरची कडी 'फायर'वर होती. ती दांडी ८९ वर्षांच्या होम्स यांच्या हाती देण्यात आली. पुढच्या वर्षी ते गेले.

एक कडी, जेमतेम बोटभर. पण कोणत्याही चित्रपटानं, कोणत्याही आठवणीनं न देता येणारा पुरावा तिच्यात होता. त्या तरुणाच्या हातानं तिला शेवटचं कुठे वळवलं होतं, ते तिनं राखून ठेवलं होतं. अशा जागेचं खरं मोल इथे आहे. ती वस्तू जपत नाही, क्षण जपते.

दलदलीत सहा बंदुका

क्षण जपण्यात दलदलीची बरोबरी कुणी करू शकत नाही. ३० नोव्हेंबर १९४१ रोजी आयर्लंडच्या डोनेगल परगण्यात इनिशोएन द्वीपकल्पावर एक स्पिटफायर पडलं. गारफिल्ड वेस्टन या कॅनेडियन उद्योगपतीच्या देणगीतून ते विकत घेतलेलं, त्यामुळे विमानावर त्या उद्योगपतीचं नाव होतं. त्या काळी साम्राज्यभरातून अशा देणग्या जात होत्या. रॉयल एअर फोर्सची १३२ क्रमांकाची स्पिटफायर तुकडी तर मुंबईच्याच नावानं ओळखली जाई. डोनेगलच्या त्या विमानाचा वैमानिक होता रोलंड वुल्फ, ब्रिटिश हवाई दलात दाखल झालेला अमेरिकी. इंजिन तापलं, त्यानं उडी मारली आणि तो तटस्थ आयर्लंडच्या भूमीवर उतरला. त्याला कुराच्या छावणीत स्थानबद्ध केलं. दोन आठवड्यांत तो निसटून ब्रिटिश हद्दीतल्या बेलफास्टला पोचला, तर ब्रिटिशांनीच आयर्लंडच्या तटस्थतेचा मान राखून त्याला परत पाठवलं.

विमान मात्र पीटच्या दलदलीत बुडालं. पीट म्हणजे हजारो वर्षं न कुजलेल्या वनस्पतींचा काळाभोर, पाण्यानं भरलेला थर. लोणच्याच्या बरणीत तेलाचा तवंग जसा हवा आत येऊ देत नाही, तसंच या थराचं काम. २०११ च्या जूनमध्ये अधिकृत परवानगीनं तिथे खणलं, तेव्हा वैमानिकाचं चामडी शिरस्त्राण निघालं, आणि सहा ब्राउनिंग मशीनगन. आयरिश सैन्यानं त्या धुतल्या. वाकलेले काही भाग सरळ केले, एका बंदुकीचे भाग दुसरीला लावले आणि एक बंदूक चाचणीच्या मैदानात चालवून पाहिली. ती चालली. ७० वर्षं चिखलात राहिलेली बंदूक, न अडखळता. आज हे अवशेष डेरी शहरातल्या टॉवर म्युझियममध्ये आहेत.

बाहेर काढलं म्हणजे वाचलं असं नाही

अशा गोष्टी ऐकल्या की वाटतं, मग सगळंच का काढू नये? याला धातूनंच उत्तर दिलं आहे. २६ ऑगस्ट १९४० रोजी पडलेलं एक डॉर्नियर डीओ-१७ इंग्लिश खाडीतल्या गुडविन सँड्सवर, समुद्राच्या तळाशी उलटं पडून होतं. या जातीचं पूर्ण विमान जगात दुसरं उरलेलं नव्हतं. रॉयल एअर फोर्स म्युझियमनं १० जून २०१३ रोजी ते वर उचललं. खरी लढाई तिथून सुरू झाली. समुद्राच्या पाण्यातला क्लोराइड धातूच्या रंध्रारंध्रांत शिरलेला असतो. पाण्याखाली तो निपचित असतो, पण हवा लागली की अल्युमिनियम झपाट्यानं खाऊ लागतो. म्हणून कॉसफर्ड इथे प्लास्टिकच्या लांब बोगद्यांत विमानाचे भाग ठेवून त्यांच्यावर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे मारावे लागले. लिंबातलं आम्ल ते हेच. हे काम महिन्यांत संपणारं नव्हतं, वर्षं लागणारं होतं.

एका विमानासाठी एवढे सायास. म्हणून हार्लेकच्या बाबतीत सध्या जे उत्तर आहे ते असं: वाळू सांभाळते आहे, तोवर वाळूलाच सांभाळू द्या.

पण सगळ्यांनी हेच उत्तर स्वीकारलेलं नाही. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून जमीन तयार करताना, फ्लेव्होलँडचे पोल्डर कोरडे पडत गेले तशी बुडालेली बॉम्बर विमानं एकामागून एक उघडी पडली. जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणाऱ्या ब्रिटिश विमानांची वाट याच देशावरून जात होती. २०१९ पासून तिथल्या सरकारनं राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. ज्या अवशेषांत बेपत्ता वैमानिक असण्याची दाट शक्यता आहे, ती विमानं सरकारी खर्चानं बाहेर काढायची. २०२० मध्ये मार्करमेअर सरोवरातून स्टर्लिंग बीके७१६ हे बॉम्बर काढलं. मार्च १९४३ मध्ये बर्लिनहून परतताना सात जणांसह ते बुडालं होतं. हवाई दलाचे लोक चाळण्या घेऊन तळाचा गाळ मूठमूठ तपासत होते.

ब्रिटन म्हणतं, त्यांना निजू द्या. नेदरलँड्स म्हणतं, त्यांना नाव परत द्या. दोन्ही देशांचं वागणं उलट दिसतं, पण दोघांच्या हिशेबात पहिला माणूस आहे आणि विमान नंतर. त्यामुळे यातलं कुठलंही उत्तर मला चूक वाटत नाही.

आपल्या डोंगरांत

हा विषय आपल्यापासून दूर नाही. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला, चीनकडे जाणारा रस्ता तुटला आणि आसाममधल्या चबुआ, दिनजान, मोहनबारी या धावपट्ट्यांवरून अमेरिकी विमानं हिमालयाच्या पूर्व रांगा ओलांडून कुनमिंगला सामान नेऊ लागली. वैमानिक त्या वाटेला 'हंप' म्हणत. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि पाचशेहून जास्त विमानं गेली. त्यांतली अनेक आजच्या अरुणाचल प्रदेशात कोसळली. सुमारे ४०० अमेरिकी सैनिक भारताच्या भूमीवर अजून बेपत्ता मानले जातात.

'हॉट ॲज हेल' हे बी-२४ त्यांतलंच. २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून चबुआकडे निघालं, आत आठ जण. २००६ मध्ये अमेरिकी शोधक क्लेटन कूल्स स्थानिक वाटाड्यांबरोबर अपर सियांग जिल्ह्यात दाम्रोहजवळच्या डोंगरात त्याच्यापर्यंत पोचला. २०१५ मध्ये अमेरिकी पथकानं तिथे उत्खनन केलं. अवशेष २०१६ मध्ये मायदेशी गेले आणि त्यांतून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड याची ओळख पटली. २०१७ मध्ये जॉर्जियातल्या त्याच्या कॉन्कॉर्ड या गावी त्याला निरोप दिला गेला. घरातून निघालेला मुलगा ७० वर्षांहून जास्त काळानं घरी आला. त्याला शोधण्यात अरुणाचलच्या शिकाऱ्यांचा आणि वाटाड्यांचा वाटा मोठा आहे. हे डोंगर ज्यांच्या पायाखालचे, तीच ही माणसं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पासीघाटला हंपच्या स्मृतीचं संग्रहालय उघडलं, त्यातल्या वस्तूही याच डोंगरांतून आलेल्या आहेत.

पण डोंगरात उरलेल्या जागांचं काय? आपल्या १९५८ च्या स्मारकांच्या कायद्यात प्राचीन स्मारक म्हणजे किमान १०० वर्षांचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही वस्तूला १०० वर्षांची अट. पाण्याखालच्या वारशाविषयीचा युनेस्कोचा २००१ चा करारही शंभरीच मोजतो. त्या मोजमापानं १९४४ चं विमान २०४४ मध्ये वारसा होईल. आज ते भंगार आहे, आणि डोंगरातल्या गरीब माणसासाठी अल्युमिनियमचा पत्रा कामाचाच असतो. त्यानं त्याची भांडी केली, विकला, तर त्याला दोष कसा द्यायचा? दोष त्या अटीचा आहे. ब्रिटनच्या कायद्यानं वय विचारलंच नाही, याचं शहाणपण इथे उमगतं. शंभर वर्षं होईपर्यंत थांबलं तर जपायला काही उरेलच असं नाही.

महायुद्धात उडलेले जवळजवळ सगळे वैमानिक आता गेले आहेत. विमान पडताना ज्यांनी पाहिलं ती लहान मुलं आज नव्वदीत आहेत. आणखी दहा वर्षांत साक्ष द्यायला फक्त जमीन असेल. म्हणून करायचं काम अवघड नाही, पण आत्ताचं आहे. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून जागा विचारून नकाशावर मांडायच्या. छायाचित्रं काढायची. कोणता तुकडा कुठे होता, याची नोंद ठेवायची आणि तो तिथेच ठेवायचा. ज्या वाटाड्यांनी या जागा दाखवल्या, त्यांना त्यांचे राखणदार नेमून मानधन द्यायचं. आणि कायद्यात एक ओळ घालायची: युद्धात कोसळलेलं विमान, कोणत्याही देशाचं, सापडलेलं किंवा न सापडलेलं, आजपासून संरक्षित. ब्रिटनला ही ओळ लिहायला युद्धानंतर ४१ वर्षं लागली. आपल्याला ८० हून जास्त लागली आहेत, तरी अजून उशीर झालेला नाही.